हाफकिन नावाचा माणूस

मुंबईत नावं बदलायची एक मोठी लाटच येऊन गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात महाराज आलं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं नाव बदललं, रस्त्यांचं तर विचारूच नका. पण परळला एक गेट आहे, त्याच्यावरचं परदेशी नाव १९२५ पासून आजपर्यंत कुणी हलवलेलं नाही. हाफकिन.

सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत माझे काका परळच्या एका हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. रोज त्या गेटवरून जायचे. एक दिवस काकूला विचारलं, हा हाफकिन कोण गं? काकू म्हणाली, असेल कुणी इंग्रज साहेब, नाहीतर डॉक्टर. मलाही तसंच वाटलं. नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की हा माणूस जन्माने इंग्रज नव्हता, आणि डॉक्टर तर अजिबातच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, इंजिनीअरिंग कॉलेजच्या अंकात जीवशास्त्र कशाला? बारावीला बायोलॉजीपासून पळून आलेले आपण लोक. पण मित्रांनो, जरा धीर धरा. ह्या गोष्टीत प्रोसेस आहे, प्रॉडक्शन आहे, टेस्टिंग आहे, आणि एक फेल्युअर आहे ज्याची किंमत १९ माणसांनी जिवाने आणि एका माणसाने आपल्या नावाने मोजली. ते फेल्युअर वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. का, ते शेवटी सांगते.

वॉल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. आई लहानपणीच गेली. मुलगा हुशार होता, ओडेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला गेला. तिथे त्याला प्रोफेसर मिळाले इल्या मेचनिकॉव्ह. पुढे १९०८ मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले तेच मेचनिकॉव्ह. चांगला गाईड मिळणं म्हणजे काय असतं ते आपल्या फायनल इयरवाल्यांना विचारा! पण इथे गाईडने फक्त प्रोजेक्टवर सही केली नाही, विद्यार्थ्याला तुरुंगातून बाहेर काढलं. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. वस्तीचं रक्षण करायला जी तरुण मुलं उभी राहिली त्यांच्यात हाफकिन होते. ते जखमी झाले आणि वर पोलिसांनी त्यांनाच पकडलं. मेचनिकॉव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटका झाली.

शिक्षण संपल्यावर दुसरी अडचण आली. विद्यापीठात पुढे जायचं असेल तर ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन व्हावं लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं. हाफकिन यांनी नाही म्हटलं. मग प्रोफेसरकी राहिली बाजूला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्र म्युझियममध्ये ते एकपेशीय जिवांवर काम करत बसले. आपण नववी-दहावीत पॅरामेशियमची चपलेसारखी आकृती काढायचो ना, त्या जातीचे जीव.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवायला मदतनीस म्हणून आणि १८८९ मध्ये पॅरिसला, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. मेचनिकॉव्ह तिथे आधीच पोचले होते. पण रिकामी जागा एकच होती, लायब्ररीतली. म्हणजे ज्या माणसाने पुढे लाखो लोकांचे जीव वाचवले तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये लायब्ररीयन म्हणून लागला. ती नोकरी सांभाळून ते प्रयोग करत राहिले. १८९० मध्ये त्यांनी पॅरामेशियमच्या केंद्रकात राहणाऱ्या एका बॅक्टेरियाचं वर्णन केलं आणि त्याला होलोस्पोरा हे नाव दिलं. ते नाव जीवशास्त्रात आजही चालतं. ह्याचा कुणाला काय उपयोग, असं तेव्हा कुणीही विचारलं असतं. पण एवढ्याशा जिवाला वाढवायचं कसं, कमजोर करायचं कसं, जोरकस करायचं कसं, हा हात त्यांना अशाच कामातून बसला. आपल्याकडे बेसिक सायन्सला पैसे कशाला असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण द्यावं असं मला वाटतं.

तेव्हा युरोपात कॉलऱ्याची साथ होती. आपल्याकडे त्याला पटकी म्हणायचे. कॉलऱ्याचा जंतू १८८० च्या दशकात जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी दाखवला होता, पण लस बनवताना पंचाईत अशी होती की हा जंतू प्रयोगशाळेत त्याच ताकदीचा राहत नसे. आज घेतलेला आणि महिन्याने घेतलेला जंतू वेगळा वागणार. म्हणजे रॉ मटेरियलच स्टँडर्ड नाही. हाफकिन यांनी आधी तो प्रश्न सोडवला. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पोटातून तिसऱ्याच्या, असं ३९ वेळा करून त्यांनी एक ठराविक जहाल जंतू तयार केला. दुसरीकडे, ३९ अंश सेल्सियसला हवेच्या झोतात वाढवून एक कमजोर जंतू तयार केला. आधी कमजोर टोचायचा, काही दिवसांनी जहाल टोचायचा. गिनीपिग वाचले, ससे वाचले. आता माणूस हवा होता. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, उतरलं. वय वर्षं ३२.

पण लस खरंच काम करते का हे बघायला जिथे कॉलरा कायम आहे तिथे जायला हवं होतं. लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते आणि तेव्हा पॅरिसला ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलरा निघाला. तिथल्या सुमारे २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत १० जणांना कॉलरा झाला, त्यातले ७ दगावले, आणि ते दहाच्या दहा लस न घेतलेले होते. बंगाली डॉक्टर सोबत घेऊन ते वस्त्यांत, तुरुंगांत, आसामच्या चहामळ्यांत फिरले. १८९५ पर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचून झाली होती. मग मलेरियाने त्यांना स्वतःलाच आडवं केलं आणि युरोपला परत जावं लागलं. बरं वाटल्यावर १८९६ मध्ये पुन्हा आले.

आणि इथून ही गोष्ट आपल्या मुंबईत येते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्याच्या गाठी बघून ओळखलं की हा प्लेग आहे. त्यानंतरचं तुम्ही आजीआजोबांकडून थोडंफार ऐकलं असेल, निदान त्यांच्या आजीआजोबांचं म्हणून. घरात उंदीर पडला की लोक घर सोडून रानात झोपड्या टाकून राहायचे. लाखो माणसं मुंबई सोडून गेली. प्लेग पुण्यात पोचला. सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. सरकारने साथरोगांचा कायदा आणला. पुण्यात सोल्जर घरात घुसून झडत्या घ्यायला लागले. त्या जुलमाचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळीने कसा झाला हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच सरकारने त्याच वर्षी मुंबईत काय चालवलं होतं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आले. सरकारने त्यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा दिली. जागा म्हणजे एक खोली आणि एक व्हरांडा. स्टाफ म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट लॅबबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. (मीही वाचते.)

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे अजून माहीत नव्हतं, ती गोष्ट १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद यांनी दाखवली. म्हणजे रोग येतो कुठून हे नक्की ठाऊक नसताना हाफकिन लस बनवत होते. त्यांची रीत अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची होती. मांसाच्या अर्कात जंतू वाढवायचे, पण हिंदू आणि मुसलमान दोघांना चालायला हवं म्हणून गाय किंवा डुक्कर नाही, बोकडाचं मांस. त्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखे. फ्लास्क हलवला की ते खाली पडतात आणि वर नवे धरतात. असं काही आठवडे करायचं. मग सगळं सुमारे ६५ ते ७० अंशाला एक तास तापवायचं म्हणजे जंतू मरतात, आणि वर कार्बोलिक ॲसिड घालायचं म्हणजे दुसरं काही त्यात वाढत नाही. हे कार्बोलिक ॲसिड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती पुन्हा स्वतःलाच टोचली, तीही नेहमीच्या तिप्पट, १० सीसी. भरपूर ताप आला, अंग मोडून आलं, पण काम चालू राहिलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग निघाला तेव्हा तिथल्या जे तयार झाले त्या कैद्यांना लस दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांचं निभावलं. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. कैदी तयार झाला म्हणजे खरंच किती स्वखुशीने तयार झाला? आज कुठलीही एथिक्स कमिटी अशा ट्रायलला इतक्या सहज होकार देणार नाही. मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना ही गोष्ट झाकू नये असं मला वाटतं. एवढं मात्र खरं की आधी स्वतःला आणि मग दुसऱ्याला, हा नियम त्यांनी मोडला नाही.

त्यांचे पुढचे आकडे बघून तर मी आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना जाऊन दाखवले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये १८९७ ला प्लेग आला. तिथे २,१९७ जणांनी लस घेतली, त्यातले ३६ मेले. ६,०३३ जणांनी घेतली नाही, त्यातले १,४८२ मेले. टक्क्यांत सांगायचं तर १.६ आणि २४.६. तरी शंका राहतेच, की लस घेणारे शिकलेले, चांगल्या घरात राहणारे असतील, म्हणून वाचले. ह्याचं उत्तर त्यांनी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावात दिलं. तिथे प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या लोकांना लस दिली आणि निम्म्यांना नाही. तेच घर, तेच अन्न, तेच उंदीर. लस घेतलेल्या ७१ पैकी ३ गेले, न घेतलेल्या ६४ पैकी २६ गेले. मॅडम म्हणाल्या, कंट्रोल ग्रुप म्हणजे काय हे आता तुला मी शिकवायची गरज नाही. पण त्या २६ जणांचा विचार केला की ते कौतुक घशाखाली उतरत नाही.

लस सगळ्यांना पटली असंही नाही. गोऱ्या सरकारची सुई म्हणून लोक घाबरायचे, अफवा उठायच्या. अशा वेळी तरुण आगाखान पुढे आले, त्यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली आणि लॅबसाठी आपला खुश्रू लॉज बंगला दिला. खोजा समाजातल्या हजारोंनी लस घेतली. १८९७ मध्ये राणीच्या राज्याला ६० वर्षं झाली त्या वेळी हाफकिन यांना सरकारी किताब मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरीचं उद्घाटन केलं. ज्या बंगल्यात गव्हर्नरांचे नाच आणि मेजवान्या व्हायच्या तिथे आता फ्लास्क उकळायला लागले. एका खोलीपासून तीन वर्षांत सरकारी पैशावर चालणारी मोठी प्रयोगशाळा. इथून लस हिंदुस्थानभर आणि बाहेरही जायला लागली. पुढे १९२५ पर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले.

आता ती बाटली.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातलं होतं. तिथल्या सरकारने ठरवलं की लाखो लोकांना एकदम लस टोचायची. ऑर्डर मोठी, वेळ कमी. आपल्याकडे सबमिशनच्या आदल्या रात्री होतं तसं. हाफकिन यांनी प्रॉडक्शन वाढवण्यासाठी पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये चालणारी रीत घेतली, म्हणजे कार्बोलिक ॲसिड न घालता फक्त उष्णतेने निर्जंतुक करायचं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल नावाच्या गावात १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतून दिली होती. बाटलीचा नंबर ५३-एन. त्या १९ जणांना आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेल्या ८८ जणांना काही झालं नाही.

चौकशी समिती बसली. तिने निष्कर्ष काढला की बाटली उघडण्याआधीच दूषित होती, म्हणजे दोष परळच्या लॅबचा. आणि लॅबने तर कार्बोलिक ॲसिड वगळून रीत बदललीच होती! दोन गोष्टी एकमेकींना जोडायला कुणाला वेळ लागला नाही. प्रोसेस बदलली, माणसं मेली, म्हणजे प्रोसेसमुळे मेली. त्यात हा माणूस रशियन, ज्यू, आणि डॉक्टरांच्या सरकारी खात्यावर बसलेला डॉक्टर नसलेला माणूस. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आलं. ज्या माणसासाठी तीन वर्षांपूर्वी गव्हर्नरांचा बंगला उघडून दिला होता तो इंग्लंडला निघून गेला. लोक ह्याला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणायला लागले, कारण फ्रान्समध्ये ज्यू कॅप्टन ड्रेफस यांच्यावर खोटा आळ आला होता ते सगळ्यांच्या लक्षात होतं.

खरं काय घडलं होतं? मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो ज्योतीवर धरून पुन्हा निर्जंतुक करायला हवा होता, तसं झालं नाही, आणि त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. शिवाय लस टोचणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीचा वास घेऊन बघितला होता आणि तिला वास नव्हता. ती बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू तिच्यात इतके दिवस वाढत असते तर उघडल्याबरोबर घाण सुटली असती. म्हणजे दोष परळचा नव्हता, जागेवरचा होता. हे पुरावे चौकशीच्या कागदांतच होते. फक्त ते कुणी नीट जोडून वाचले नव्हते.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने प्रकरण पुन्हा तपासलं आणि निकाल हाफकिन यांच्या बाजूने गेला. मग मलेरियासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस ह्यात उतरले. जुलै १९०७ मध्ये टाइम्स वर्तमानपत्रात त्यांचं आणि बरोबरच्या नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र आलं, की हाफकिन यांच्यावरचा आरोप टिकत नाही. रॉस यांना आणखी एक भीती होती. आरोप तसाच राहिला तर लोकांचा लशीवरचा विश्वास उडेल आणि प्लेगने माणसं मरतच राहतील. त्या काळात प्लेग दर वर्षी हिंदुस्थानात लाखो बळी घेत होता. नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने त्यांना दोषमुक्त केलं. पाच वर्षांनी.

पण सुटल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. मुंबईची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं, आणि तिथे नव्या लशींच्या ट्रायल घेऊ दिल्या नाहीत. ज्याने आयुष्यभर लस टोचून आकडे जमवले त्याला आता फक्त लॅबमध्ये बसायचं होतं. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. लग्न केलेलंच नव्हतं. उतारवयात धर्माकडे ओढ वाढली. जो धर्म सोडला असता तर तरुणपणी प्रोफेसर झाले असते, त्याच धर्माच्या शाळांसाठी त्यांनी आपली पुंजी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात ते वारले.

एक चांगली गोष्ट त्यांच्या हयातीतच झाली. १९२५ मध्ये परळच्या लॅबला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. जिथून दोषी ठरवून काढलं त्याच दारावर नाव लागलं. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने हाफकिन यांचं पोस्टाचं तिकीट काढलं. १९७५ मध्ये उत्पादनाचं काम महाराष्ट्र सरकारच्या वेगळ्या महामंडळाकडे गेलं, आणि आपल्या लहानपणी पल्स पोलिओच्या रविवारी जे दोन थेंब जिभेवर पडायचे त्यातले कितीतरी तिथेच बनलेले. म्हणजे नकळत आपल्यातल्या बऱ्याच जणांचा परळशी संबंध आलेला आहे.

आता, सुरुवातीला म्हटलं होतं की हे डोक्यातून का जात नाही ते सांगते.

गेल्या सेमिस्टरला आमच्या चौघींच्या मिनी प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला सर्किट जळलं. सरांसमोर धूर. बोर्ड जिने सोल्डर केला होता तिच्याकडे आम्ही तिघींनी बघितलं. कुणी काही बोललं नाही, पण बघणं पुरेसं होतं. आदल्या रात्री तिने एक कनेक्शन बदललं होतं, त्यामुळे शंकाच नव्हती. तिला आमच्यापेक्षा कमी मार्क पडले. ती काही बोलली नाही, फक्त दोन दिवस मेसमध्ये आमच्या टेबलावर बसली नाही. नंतर रूम आवरताना माझ्या ड्रॉवरमध्ये तो ॲडॅप्टर सापडला. १२ व्होल्टच्या सर्किटला त्या सकाळी घाईघाईत मी २४ व्होल्टचा लावला होता. मी तिला सांगितलं, सॉरी म्हटलं, ती हसली, विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला. सरांना मात्र मी काही सांगितलं नाही. मार्क लागून गेले होते ना, आता काय उपयोग, असं मनाला समजावलं.

हाफकिन यांच्याबद्दल वाचताना मुलकोवालपाशी आले आणि पुस्तक मिटलं. प्रोसेस जिने बदलली तिचा दोष, हे किती सोपं असतं. जमिनीवर पडलेल्या चिमट्याकडे कुणी बघत नाही. कदाचित चिमटा पाडणाऱ्यालाही ते लक्षात येत नाही. आणि लक्षात आलं तरी तो गप्प बसू शकतो.

तर हा लेख द्यायच्या आधी मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मार्क आता बदलत नाहीत म्हणाले, पण मी जे सांगितलं ते कागदावर लिहून मागितलं आणि प्रोजेक्टच्या फाईलला लावलं. तिच्या नावापुढे निदान एक खरा कागद लागला. पाच वर्षं लागली नाहीत, पण चार महिने लागलेच.

कधी परळला गेलात तर ते गेट नक्की बघा. आतली इमारत जुनी आहे, झाडं खूप आहेत. आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये काही जळलं, फुटलं, चुकलं, तर आधी आपल्या हातातल्या चिमट्याकडे एकदा बघा, एवढंच.